पितळ उघडं पडलं! (कैरोचे फानूस, फेझचे दिवे आणि आपले कंदील)

बत्तीगुल

गेल्या आठवड्यात भाची घरी आली होती. दिवाणखान्यातल्या दिव्याकडे बघून म्हणाली, "मामा, हा मोरोक्कन लँप कुठून मागवलास?" म्हटलं, मागवला नाही गं, कैरोहून आणलाय. "म्हणजे टर्किश?" मी गप्प बसलो. रात्री झोप येईना, म्हणून हा धागा.

नोकरीच्या निमित्ताने साडेतीन वर्षं कैरोत काढली. परत येताना लोक पपायरस, अत्तराच्या कुप्या, प्लास्टरचे पिरॅमिड असं काहीबाही आणतात. मी एक दिवा आणला, तोही मुंबईपर्यंत मांडीवर घेऊन. हवाईसुंदरीने तीनदा विचारलं, वरच्या कप्प्यात ठेवू का? तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा तिने दिव्यालाच पट्टा बांधायची खूण केली.

कैरोत बाब अल-खल्क नावाचा चौक आहे. चौकात इस्लामी कलेचं संग्रहालय, आणि तिथून बाब झुवैला या जुन्या वेशीकडे जाणारा जो रस्ता, त्याला लोक तहत अल-रबअ म्हणतात. एरवी ती पत्राकाम करणाऱ्यांची ओळ. पण रमजान जवळ आला की अख्खा रस्ता फानूसनी, म्हणजे रमजानच्या कंदिलांनी, लगडतो. वर, खाली, दुकानाच्या फळीवर, हातगाडीवर, सगळीकडे. उंच माणसाने मान तिरकी करूनच चालायचं. आपल्याकडे दिवाळीच्या आधी आकाशकंदिलांची रांग लागते ना, तेच दृश्य; फक्त कागदाच्या जागी पत्रा आणि काच, आणि गर्दीत कोणी 'सरका, सरका' न म्हणता 'या बाशा' (अहो साहेब) म्हणतं.

मी गेलो होतो पितळी दिवा घ्यायला. खान अल-खलीलीच्या बाजारात पाहिलेले नक्षीदार पितळी दिवे डोळ्यांत बसले होते. एका गाळ्यात साठीचा कारागीर बसलेला. तिकडे अशा कारागिराला 'उस्ता' म्हणतात, म्हणजे आपला उस्तादच. माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, चांगला, अस्सल, पितळी फानूस दाखवा. तो हसला. म्हणाला, "पितळी पाहुण्यांसाठी. घरासाठी हवा असेल तर पत्र्याचा घे."

तेव्हा वाटलं, बाबाला आपला माल खपवायचाय. मग तिथल्या मित्रांच्या घरी गेलो, गल्ल्यांतून आडव्या दोऱ्यांवर टांगलेले पाहिले, पोरांच्या हातातले पाहिले. सगळे पत्र्याचे. पूर्वी तर तेलाच्या, चीजच्या डब्यांचे पत्रे उलटे करून वापरायचे. जुना फानूस असेल तर आत डोकावून बघा, कुठल्या तरी कंपनीची अर्धी अक्षरं दिसतात.

मग मी त्या उस्ताकडे अधूनमधून जाऊन बसू लागलो. काम साधं दिसतं, पण बघत राहावं असं. पत्र्याच्या पट्ट्या कात्रीने कापायच्या. मुकुटाच्या पट्टीवर ठशाने भोकं पाडायची. साध्या काचेवर रंग आणि नक्षी आधीच चढवलेली असते. तिला हिऱ्याच्या कणीने रेघ मारून कट् करून तोडायचं. काच चौकटीत चिकटवत नाहीत. पत्र्याची कड तिच्यावर दुमडतात, पाकिटाचं तोंड दुमडावं तशी. मग कोपऱ्याकोपऱ्याला डाख. डाख देताना तो श्वास रोखून धरायचा आणि ठिपका बसला की सोडायचा. दिवसभर. मी मोजायचा प्रयत्न केला होता, कंटाळलो.

आकारांना नावं आहेत. एकाच्या चार कोपऱ्यांना चार छोटे फानूस असतात, तो 'अबू वलाद', म्हणजे लेकुरवाळा. (विठोबाच आठवला.) एक कलिंगडाच्या फोडीसारखा, त्याचं नावही तेच. एक 'फारूक', इजिप्तच्या राजा फारूकच्या नावाचा. आणि एक 'बर्लमान', संसदेच्या सभागृहातल्या दिव्यावरून घेतलेला. मी आणला तो बर्लमान.

फानूसची गोष्ट तिथलं शेंबडं पोरही सांगतं. फातिमी घराण्याचा खलिफा अल-मुइझ्झ हिजरी ३५८ च्या रमजानमध्ये रात्री कैरोत आला, लोक हातात दिवे घेऊन त्याला सामोरे गेले, ती प्रथा राहिली. दुसरी गोष्ट त्याचा नातू अल-हाकिम याची: बायकांनी रात्री बाहेर पडायचं तर पुढे फानूस घेतलेला मुलगा हवा, म्हणजे पुरुषांना वाट सोडता येईल.

आता माझ्या शंका:
पुण्याच्या पावसाळ्यात पत्रा गंजेल का? आत मेणबत्तीऐवजी बल्ब लावलाय, पण मजा येत नाही, सगळं दुधाळ दिसतं. आणि स्वयंपाकाच्या बाईंचा झाडू लागून एक निळी काच तडकलीये. काय करू?

शेंडेफळ

मस्त धागा. पट्टा बांधलेला दिवा डोळ्यांसमोर आला. फोटो टाका की राव!

चौकस_बोका

लेख छान. आता बोका नखं काढतो.

३५८ हे साल अल-मुइझ्झचं नाही, त्याच्या सेनापतीचं. जौहरने इजिप्त जिंकून कैरोची पायाभरणी केली ती ३५८ मध्ये, म्हणजे इ. स. ९६९. खलिफा स्वतः ट्युनिशियातून आला तो ३६२ च्या रमजानमध्ये, म्हणजे जून ९७३. चार वर्षांचा फरक. लोककथेने शहराचा जन्म आणि राजाचं आगमन एकाच रात्री उरकून टाकलंय. तुमच्या उस्ताला सांगायला जाऊ नका, तो डाखची सळई फेकून मारेल.

त्याहून मजेची गोष्ट शब्दांची आहे. 'फानूस' हा मूळचा ग्रीक 'फानोस', म्हणजे मशाल, दिवा. अरबीत गेला, फारसीतून हिंदुस्थानात आला, आणि मराठीत 'फाणस' झाला. जुन्या मराठीत काचेच्या आवरणाच्या दिव्याला फाणस म्हणत. आता हा शब्द कोणी वापरत नाही.

आणि 'कंदील'? तो अरबी 'किंदील'. अरबांनी तो ग्रीकांमार्फत लॅटिन 'कांदेला'वरून घेतला, ज्याचा इंग्रजांनी कँडल केला. म्हणजे दिवाळीला आपण 'आकाशकंदील' म्हणतो तेव्हा 'आकाश' संस्कृत आणि 'कंदील' रोमहून कैरोमार्गे आलेला. भाचीला सांगा, हा मोरोक्कनही नाही आणि टर्किशही नाही, हा तुझाच कंदील आहे.

बत्तीगुल

बोकोबा, दंडवत. ३६२ ची दुरुस्ती मान्य. गोष्ट मात्र मी ३५८ चीच सांगणार, कारण तिकडे सगळे तशीच सांगतात आणि गोष्टीला जन्मदाखला लागत नाही.

पितळेची_पोर

मी तुमच्या भाचीच्या गोटातली. ऑनलाइन 'अँटिक ब्रास मोरोक्कन लँटर्न' म्हणून दोन घेतले. आले तेव्हा सोन्यासारखे. गणपतीच्या आधी समया, तांब्या, ताम्हन घासायला काढलं, त्यातच यांनाही चिंच-मीठ लावलं. एकावर चट्टे पडले, कोड फुटल्यासारखे. दुसऱ्याचा सोनेरी रंगच निघून गेला आणि खालून काळं लोखंड! पितळ उघडं पडणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. विक्रेत्याला लिहिलं, तर म्हणे 'ब्रास फिनिश' असं लिहिलं होतं. लिहिलं होतंच. अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात.

वायरमन_नाना

पितळेची_पोर, दोन वेगळे आजार आहेत.

चट्टे पडलेला बहुतेक खरा पितळी आहे. विकायच्या पितळी वस्तूंवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर मारतात. चिंचेने घासलं की लॅकर कुठे निघतं, कुठे राहतं. निघालं तिथे लखलखीत, राहिलं तिथे मळकट. आता एकच उपाय, उरलेलं सगळं लॅकर थिनरने उतरवा. मग तो दिवा तुमच्या समईसारखाच. दर सणाला पितांबरी, नाहीतर काळवंडू द्या. मला काळवंडलेलाच आवडतो, पण बायकोला तो आळशीपणा वाटतो. पुढच्या वेळी आधी मागच्या बाजूला लिंबाचा एक थेंब टाकून बघा. तिथे उजळलं तर पितळ उघडं आहे, काहीच झालं नाही तर वर लॅकर आहे.

दुसरा लोखंडीच. घेतानाच लोहचुंबक लावायचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर मुलामा.

बत्तीगुल

नाना, आत्ता उठून फ्रिजवरचं चुंबक माझ्या फानूसला लावून आलो. टक्कन चिकटलं!

वायरमन_नाना

चिकटणारच! तुमचा पत्र्याचा आहे ना. डब्याचा पत्रा म्हणजे पातळ पोलाद, वर कथलाचा मुलामा. आपल्या भांड्यांना कल्हई असते तीच जात. तेव्हा चुंबकाची परीक्षा पितळी म्हणून विकलेल्या मालाला लावा. तुमच्या उस्ताचा माल या परीक्षेत नापास झाला तरच खरा.

गंजाचं सांगतो. कथील शाबूत आहे तोवर पत्रा गंजत नाही. पण कापलेली कड आणि ठशाची भोकं तिथे पोलाद उघडं असतं, गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्याआधी बारीक कुंचल्याने कडांना क्लिअर व्हार्निशचा हात द्या. ओल्या फडक्याने पुसू नका.

आता वायरिंग. हे नीट वाचा, कारण बाहेरून आणलेल्या दिव्यांत मला हमखास हेच सापडतं. (१) दोनच तारा असतात. धातूचं अंग आहे, तीन तारांची वायर घाला आणि हिरवी तार दिव्याच्या अंगाला स्क्रूने आवळा. पत्र्याच्या कडेने वायरचं आवरण सोललं गेलं तर सगळा दिवा करंट मारेल. (२) वायर जिथून आत शिरते त्या भोकाला रबरी बुश. पत्र्याची कड म्हणजे पातं. (३) वजन साखळीवर, साखळी हुकावर, हूक स्लॅबमध्ये. पीओपीच्या छताला टांगलात तर एक दिवस छतासकट खाली येईल. (४) इजिप्तमध्ये वीज जवळपास आपल्यासारखीच, २२० व्होल्टची, त्यामुळे ती चिंता नाही. पण होल्डर आट्यांचा असेल तर आपला पिनवाला बल्ब बसणार नाही. तारेने बांधू नका, होल्डर बदला. साठ रुपयांचं काम.

दुधाळ का दिसतं? तुम्ही दुधी एलईडी लावलाय, नऊ वॅटचा, पांढरा. बरोबर?

बत्तीगुल

नाना, तुम्ही घरात येऊन गेलात का?

वायरमन_नाना

सगळे तोच लावतात. दुधी बल्ब म्हणजे केवढा तरी मोठा उजेडाचा गोळा. त्याच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला किरण भोकातून वेगळ्या वाटेने जातो, भिंतीवर सगळे एकमेकांवर पडतात आणि नक्षी पुसली जाते. उजेडाचा उगम जितका लहान तितकी सावली रेखीव. मेणबत्तीची वात बोटाच्या पेराएवढी, म्हणून ती जमते. स्वच्छ काचेचा बारीक कॅप्सूल बल्ब घ्या. ते चार लांब पिवळ्या काड्यांचे फॅशनचे बल्ब मिळतात, ते नकोत. प्रत्येक भोकाच्या चार-चार सावल्या पडतील.

रंगाचंही तसंच. २७०० केल्विनचा पिवळसर घेतलात तर लाल, केशरी काच पेटल्यासारखी दिसते, पण निळी मरते, कारण त्या उजेडात निळं कमीच असतं. ६५०० चा पांढरा घेतलात तर निळी जिवंत आणि लाल आजारी. मधला ४००० घेऊन बघा. माझं मत विचाराल तर पिवळाच घ्या. निळ्या काचेने थोडं सोसावं.

मावळती

मी मोरोक्कोतल्या फेझला गेले होते, म्हणून 'मोरोक्कन'ची बाजू मांडते.

फेझच्या जुन्या शहरात सफ्फारीन नावाचा चौक आहे, पितळ-तांब्याचं काम करणाऱ्यांचा. तिथे दिसायच्या आधी ऐकू येतो. दहा-बारा हातोड्या वेगवेगळ्या लयीत. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने दुपार काढली असेल त्याला तो आवाज सांगायला नको. कैरोच्या फानूसमध्ये काच मुख्य आणि पत्रा चौकट. इथे उलटं. पितळेचा पत्रा मुख्य, त्यात शेकडो भोकं, आणि काच असलीच तर खिडकीपुरती. नक्षी पत्रा सपाट असतानाच पाडतात, छिन्नी-हातोडीने, आणि मग त्याला गोलाई देतात. त्यामुळे काठाशी भोकं किंचित ताणलेली दिसतात. यंत्राने पाडलेली सगळी भोकं एकसारखी असतात, तेवढ्यावरून ओळखता येतं.

त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर करवियीन मशीद. परंपरा सांगते की ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने ती उभारली. बिगरमुस्लिमांना आत जाता येत नाही, दारातून टाचा उंचावून बघायचं. मी तेच केलं. आतमध्ये अल्मोहाद राजवटीतलं एक प्रचंड झुंबर आहे, आणि त्याहून नवल म्हणजे घंटांचे दिवे. १३३३ मध्ये मोरोक्कोच्या मरीनी घराण्याने जिब्राल्टर ख्रिश्चनांकडून परत घेतलं तेव्हा तिथल्या चर्चची घंटा आणून तिच्याभोवती दिव्यांची कडी चढवली आणि ती मशिदीत टांगली.

ही रीत त्याआधीची. स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या अल-मन्सूर या मुस्लिम सेनानीने ९९७ मध्ये सांतियागोच्या चर्चच्या घंटा कैद्यांच्या खांद्यावरून आणल्या आणि त्यांचे मशिदीत दिवे केले, असं इतिवृत्तं सांगतात. मग १२३६ मध्ये कॉर्दोबा ख्रिश्चनांनी घेतलं, तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत सांतियागोला. घंटेला वाजायचंय की पेटायचंय, हे कोणी विचारलंच नाही.

शेंडेफळ

आपल्याकडे उलटं झालंय ना? वसईच्या लढाईनंतर पोर्तुगीजांच्या घंटा मराठ्यांनी देवळांत नेऊन टांगल्या.

मावळती

हो! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतरच्या. आमच्या नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे. आपण त्या घंटा म्हणूनच वापरल्या, तेवढी दया दाखवली.

काचेचं_घर

उशिरा आले. बत्तीगुल, तुम्ही त्या रस्त्यावर इतके बसलात आणि कोपऱ्यावरच्या संग्रहालयाचा एका ओळीत निकाल लावलात? मशिदीतल्या काचेच्या दिव्यांचा सगळ्यात मोठा ठेवा तिथे आहे. जानेवारी २०१४ मध्ये समोरच्या पोलीस मुख्यालयावर कार बाँब फुटला, त्याच्या धक्क्याने संग्रहालयातल्या वस्तूही फुटल्या. नीट करून ते २०१७ मध्ये पुन्हा उघडलं.

तेराव्या-चौदाव्या शतकात मामलूक सुलतानांच्या काळात इजिप्त-सीरियात हे दिवे बनले. आकार फुलदाणीसारखा: पसरट तोंड, फुगीर पोट, खाली बैठक. पोटाला काचेचीच कडी, त्यांत साखळ्या. काचेवर मीनाकाम आणि सोन्याचा मुलामा. मानेवर बहुधा कुराणातल्या नूर अध्यायाची ३५ वी आयत: ईश्वर आकाशाचा नि पृथ्वीचा प्रकाश आहे, त्याच्या प्रकाशाची उपमा म्हणजे कोनाडा, कोनाड्यात दिवा, दिवा काचेत, काच जणू चमकता तारा. पोटावर देणगीदार सुलतानाचं किंवा अमिराचं नाव, सोबत त्याच्या हुद्द्याचं चिन्ह. राजाला पेला देणारा अमीर असेल तर चक्क पेला काढलेला. निळ्या मीन्यात अक्षरांची जागा मोकळी सोडायचे, म्हणजे आत वात पेटली की अक्षरंच उजळत.

सुलतान हसनची मशीद (१३५६ ते १३६३) पाहिलीत ना? त्या चार प्रचंड कमानींमधून साखळ्या लोंबतात. तिथले अस्सल दिवे संग्रहालयात, साखळ्या जागेवर. मला त्या इमारतीत सगळ्यात जास्त काय आठवतं, तर त्या साखळ्याच.

पुढे ही कला तिकडे बसली. १५६९ मध्ये ऑटोमन वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाला दिवे हवे होते तर त्याने व्हेनिसच्या वकिलामार्फत ९०० दिव्यांची मागणी व्हेनिसला धाडली, सोबत आकाराचं चित्र काढून! आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ब्रोकार्डने मामलूक दिव्यांच्या नकला इतक्या हुबेहूब केल्या की आज त्या नकलाच संग्रहालयांत मानाने बसल्यात. तेव्हा 'अस्सल कुठला' हा प्रश्न आजचा नाही.

शंकासुर

मग ते इस्तंबूलच्या बाजारातले रंगीबेरंगी गोळे? 'टर्किश मोझॅक' म्हणतात ते? ते तरी प्राचीन आहेत ना?

काचेचं_घर

ते काचेच्या गोळ्यावर रंगीत तुकडे आणि मणी चिकटवून मधल्या फटी लांबीने (पुट्टीने) भरलेले. दिसतात छान, माझ्याकडेही एक आहे. पण ती पर्यटकांच्या बाजारातली चीज आहे. जुन्या ऑटोमन मशिदीत जाऊन बघा: लोखंडाची मोठमोठी कडी डोक्याच्या जरा वर येतील एवढी खाली सोडलेली, त्यांत साध्या काचेच्या वाट्या. अधूनमधून शहामृगाचं अंडं टांगलेलं, त्याने कोळी जाळी धरत नाहीत असा समज. रंगाचं काम तिथे दिव्याकडे नाही, भिंतींवरच्या फरशांकडे आणि खिडक्यांकडे.

शंकासुर

शहामृगाचं अंडं! आमच्या सोसायटीच्या जिन्यात टांगून बघतो.

खाडीकाठ

सगळे कैरो-फेझ फिरून आले, मी दापोलीच्या खाडीवरून बोलतो.

आमच्या गावच्या मशिदीत हंड्या, म्हणजे टांगते काचेचे दिवे, होत्या. पांढरी, हिरवी, निळी आणि एक जांभळट. माझ्या लहानपणी वीज आलेली होती, तरी रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री आजोबा हंड्याच पेटवायचे. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात. मी विचारलं होतं, पाणी कशाला? म्हणाले, तेल संपलं की वात पाण्यात विझते, काच तडकत नाही आणि रात्री कोणाला उठावं लागत नाही. काचेचं_घर, तुमच्या सुलतानांचे दिवे असेच पेटायचे का?

आणि एक. त्याच गावात ग्रामदेवतेच्या देवळाच्या सभामंडपातही हंड्या होत्या. तशाच. रंग तेच, पितळी टोपणं तीच. पोरं म्हणायची, एकाच खोक्यातून उतरल्यात. असतीलही. मुंबईहून बोटीने सामान यायचं, दुकानदार काय मशिदीसाठी वेगळी काच ठेवणार होता? म्हणून 'इस्लामी दिवे' असं कोणी म्हटलं की मला आधी ते खोकं आठवतं.

काचेचं_घर

खाडीकाठ, अगदी असेच! आत छोटी काचेची वाटी, खाली पाणी, वर तेल, तरंगती वात. सहाशे वर्षांत तेल तेवढं बदललं. जांभळट हंडी म्हणजे काचेत मँगनीज, निळी म्हणजे कोबाल्ट, हिरवी बहुधा लोह किंवा तांबं. अजून आहेत का त्या?

खाडीकाठ

दोन उरल्यात. हिरवी आणि जांभळट. निळी वादळात गेली, पांढरी माझ्या चेंडूने. हे आजोबांना कधीच कळलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

शंकासुर

एक खोडसाळ प्रश्न. हल्ली सगळेच फानूस चीनमधून येतात असं ऐकलं. गाणी म्हणणारे, प्लास्टिकचे. मग तुमचा उस्ता दिवसभर डाख देऊन जगतो कसा?

बत्तीगुल

आलेच होते. बटण दाबलं की गाणं, आत लुकलुकणारा दिवा, पोरं खूश. २०१५ मध्ये तिथल्या सरकारने लोककलेच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली, त्यात फानूसही आले. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांच्या चलनाचा, पौंडाचा, भाव बाजारावर सोडला आणि तो एका झटक्यात घसरला, तेव्हा बाहेरचं सगळंच महागलं. उस्ता म्हणायचा, सरकारच्या बंदीपेक्षा डॉलरने माझं जास्त भलं केलं. पण काच आणि पत्राही महागला, हे तो पुढच्याच वाक्यात सांगायचा.

आणि हसू नका, खान अल-खलीलीत एका पितळी दिव्याच्या बुडाला मी स्वतः 'मेड इन इंडिया' वाचलंय. दुकानदाराने पटकन तो भिंतीकडे फिरवला.

वायरमन_नाना

मुरादाबाद असणार. पीतलनगरी. जगभरच्या 'मोरोक्कन' दिव्यांतले किती तरी तिथेच ठोकले जातात. पितळेची_पोर, तुमचा चट्टेवालाही तिथलाच असेल, त्याला नीट वागवा.

पितळेची_पोर

नाना, रविवारी थिनरने पुसून काढला. आता एकसारखा मंद पिवळा झालाय, आधीपेक्षा बरा. लोखंडी गच्चीत टांगला आणि त्यात मनीप्लँट लावला. विषय संपला.

बत्तीगुल

अपडेट देतो. नानांच्या सांगण्याप्रमाणे तीन तारांची वायर, बुश, नवा होल्डर, बारीक बल्ब. काल रात्री बाकीचे दिवे बंद करून लावला. मुकुटाच्या भोकांतून छतभर ठिपके, आणि खाली भिंतीवर लाल, हिरवे, केशरी चौकोन. पंखा चालू होता, त्याच्या वाऱ्याने दिवा किंचित हलत होता, त्यामुळे सगळी खोलीच हळूहळू झोके घेत होती. आईला भोवळ आली, पंखा बंद केला.

राहता राहिली तडकलेली निळी काच. काचवाल्यांकडे विचारलं. एक म्हणतो फक्त पांढरी, दुसरा म्हणतो स्टिकर लावून देतो.

मावळती

स्टिकर लावलात तर या धाग्यावरून हकालपट्टी. जुन्या बाजारात जा, बुधवारी किंवा रविवारी. वाडे पाडतात त्यांच्या दारं-खिडक्यांवरच्या रंगीत काचा तिथे येतात. पिवळी आणि हिरवी पुष्कळ, निळीला जरा शोधावं लागतं. त्या काचा अंगभर रंगाच्या असतात, वरून रंगवलेल्या नाहीत, त्यामुळे छटा थोडी वेगळी पडेल.

वायरमन_नाना

आणि ती जाड असते. पत्र्याची कड जबरदस्तीने दुमडू नका, तुटेल. आधी कागदाचा साचा कापून काचवाल्याला द्या, दीड मिलिमीटर कमी ठेवून.

बत्तीगुल

मिळाली! तासभर फिरलो. एका म्हाताऱ्याच्या पोत्यात, बिजागऱ्यांच्या खाली, तळहाताएवढा निळा तुकडा. त्याला म्हटलं, कुठल्या वाड्यातला? म्हणाला, "शनिवारातला होता, तिथे आता पार्किंग आहे. तुम्हाला कुठल्या खिडकीला लावायचाय?" मी म्हटलं, खिडकीला नाही, कंदिलाला. त्याने परत पोत्यात हात घातला आणि म्हणाला, मग हिरवा पण घेऊन ठेवा, लागतो.

घेतला. साठ रुपयांत दोन्ही. निळा काल बसवला, शेजारच्यांपेक्षा एक छटा गडद आहे. फोटो टाकायचा प्रयत्न करतोय, मोबाइलला निळा जमतच नाही.